न शिजलेले हुलगे

‘इच्छा असेल तर गरीबही पौष्टिक खाऊ शकतो’ — हे वाक्य तुम्ही कधी कुणाला तोंडावर ऐकवलंय का? मी ऐकवलंय. छापून वाटलंय. त्यासाठी मी काय केलं, ते मात्र आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला थोडं ठाऊक आहे. तिनं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील ती वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. छापलं की ते खरं, असं डोक्यात बसलं ते तिथंच.

त्या साली पाऊस आलाच नाही. दसऱ्यालाच शिरूर कासारजवळ एका दूध सोसायटीनं जनावरांची छावणी लावली. गुरांमागं माणसंही तिथंच राहायला आली. गुरांना चारा होता. पोरं चहात बिस्किटं बुडवून दिवस काढत होती. मला संताप आला. कुणाचा? दुष्काळाचा? सोसायटीचा? — नाही. त्या पोरांच्या आयांचा! हुलगे, म्हणजे कुळीथ, एवढे स्वस्त, मोड आणून उसळ केली की पोराचं पोट भरतं, अंगी लागतं. मग बिस्किटं का?

मी ‘गरिबाचं ताट’ नावाचं पत्रक काढलं आणि सोसायटीच्या अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, “इथं करून दाखवा. बायांना जमलं तर पोरांना रोज उसळ देऊ, रांधायला इथलीच एक बाई पगारावर ठेवू.”

छावणीतल्या बायांतली मंदाताई लगेच पुढं झाली. ही जागा मिळाली तर त्या साली तिला ऊस तोडायला जावं लागणार नव्हतं, आणि तिच्या मुलीची शाळा सुटणार नव्हती.

छावणीत पाणी टँकरचं, तेही एका खोल बोरचं. एक म्हातारी म्हणाली, “भाऊ, ह्या पान्यात हुलगा शिजायचा न्हाई. लई जड पानी हाय.”

दुसरी म्हणाली, “त्यान्ला काय ठावं? त्यान्नी कवा चूल फुकली?”

सगळ्या हसल्या. मी म्हणालो, हे बहाणे आहेत.

पण धास्ती बसली होती. कॅनभर ते पाणी मी बीडला घरी नेलं. आईनं हुलगे त्यात भिजवले, शिजत ठेवले. गॅस जळत राहिला आणि दाणे खड्यांसारखे वाजत राहिले. म्हातारी खरं बोलली होती. तेव्हाच पत्रक फाडायला हवं होतं ना? मी आईला दुसरे हुलगे विकतच्या जारच्या पाण्यात शिजवायला लावले. लोण्यासारखे मऊ झाले. ते डब्यात भरले आणि दाखवायच्या दिवशी छावणीत नेले. टँकर आला, बाया घागरी घेऊन धावल्या — तेवढ्यात चुलीवरच्या पातेल्यातले हुलगे बदलले.

बायांनी चाखून पाहिले. म्हातारीनं दाणा बोटांत चिरडून पाहिला. आणि मला — काय सांगू — आनंद झाला.

मग मंदाताईची पाळी आली. तिनं हुलगे रात्रभर भिजवले, सरपण जाळलं, पोरांच्या वाट्याचं पाणी ओतलं. दाणे टणकच. “मंदे, हुलगे हायेत का गोट्या गं?” बाया खिदळल्या. अध्यक्षांनी मला विचारलं, “यांचं काय चुकलं?”

मी म्हणालो, “भिजवण्यात हयगय झाली असेल.”

मंदाताईनं पातेलं माझ्यापुढं आणून ठेवलं. “भाऊ, तुमचे शिजले, मग माझेच कावून शिजत न्हाईत?”

मी पत्रकं गोळा करू लागलो.

बायांना जमत नाही, असं ठरवून सोसायटीनं बिस्किटांचे पुडे वाटले. दिवाळीनंतर मंदाताई कोयता घेऊन कारखान्यावर गेली. मुलगीही गेली, ती परत शाळेत बसली नाही. मी पुढचं पत्रक लिहिलं, आणि तुम्हाला सुरुवातीला विचारलं ते वाक्य त्यातलंच. त्यासाठी बीडमध्ये माझी पाठ थोपटली गेली. लाजेनं पाठ वाकली नाही माझी, याचीच आता चीड येते.

घाबरलो होतो, कोवळा होतो — असलं काही सांगणार नाही. मला कळत होतं.

मंदाताईच्या दारात मला जायचं आहे. ते माझं मी बघीन. पण शिरूरच्या बाजारात अजून तिला ‘कच्चे हुलगे’ म्हणून चिडवतात. तुमच्या कानावर ते पडलं तर पुढं जाऊ नका. तिथंच थांबा आणि चारचौघांत मोठ्यानं सांगा, की त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं.