कांडी आणि आडोसा

आमच्या सासरी एक रीत होती: गाय भरवायची ती दारात नाही. गाय माजावर आली की पुरुष माणसं तिला गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागच्या लिंबाखाली न्यायची आणि बायकांनी घरात जाऊन दार लोटून घ्यायचं. गावात वळू होता तेव्हाची ही लाज. पुढे वळू गेला, त्याच्या जागी मोटारसायकलवरून कांडी घेऊन येणारा माणूस आला, तरी लाज काही हलली नाही. काडीएवढी ती प्लास्टिकची नळी, आत गोठवलेलं बी, त्याला कसला आलाय आडोसा, असं मला वाटायचं. पण सुनेने हे बोलायचं कुणापुढे?

गाय माझ्या माहेरची होती, राजेश्वर गावाकडची. अस्सल देवणी, अंग पांढरं, तोंड आणि कान काळे. माझे वडील, अप्पा, गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ती मला दिली. "घरच्या वाणाची ही आखरी हाय, संभाळ," एवढंच म्हणाले. माहेरी आता गोठाच राहिलेला नाही. तेव्हा अप्पांचं म्हणून माझ्याकडे जे होतं ते चार पायांवर उभं होतं आणि कडबा खात होतं.

एकदा ती व्याली, गोऱ्हा झाला. त्यानंतर उलटायला लागली. कांडी भरायची, तीन आठवडे श्वास रोखून बघत राहायचं, आणि एका सकाळी पुन्हा तिचं हंबरणं सुरू. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी सांगून टाकलं, "ह्या बारीला उलटली की इकायची. वांझ गाय बांधून काय करायचंय?" हळ्ळीखेडचा एक माणूस येऊन तिचे दात, तिची कास बघूनही गेला. मी चुलीपाशी बसून त्या माणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की भाकरी करपली.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "बरफातलं बी ते. थंडं! थंड्या बियानं कुटं गाय फळती का?" म्हणून त्या गाईला गूळ आणि तीळ चारायच्या, अंगात गरमी यावी म्हणून. गाय खूश होती. बाकी फरक काही पडला नाही.

त्या पौषात ती एका सकाळी माजावर आली. कांडीवाल्याला आम्ही सगळे डॉक्टरच म्हणतो; तो नाही हे त्यालाही माहीत आहे आणि आम्हालाही. फोनवर तो म्हणाला, संध्याकाळी येतो, गोठवलेलं बी पोटात फार वेळ जगत नाही, लवकर भरून उपयोग नाही. नेमके त्या दिवशी घरचे सगळे पुरुष चिटगुप्प्याला साखरपुड्याला गेलेले. घरात मी आणि सासूबाई. गाय धरायला कुणीच नाही म्हटल्यावर रीतभात गुंडाळून मलाच लिंबाखाली जावं लागलं.

तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी ते सगळं बघितलं. डॉक्टरनं "जयभीम अक्का" म्हणून आमच्या ओट्यावर बस्तान मांडलं. नायट्रोजनच्या टाकीचं झाकण काढलं तशी पांढरी वाफ बाहेर सांडली. चिमट्यानं एक कांडी उचलून त्यानं मी दिलेल्या कोमट पाण्याच्या लोट्यात टाकली. थोड्या वेळानं काढली, पुसली, टोक कापून लांब सळईसारख्या गनमध्ये बसवली. आणि ती गन तशीच हातात धरून तो लिंबाकडे निघाला. संध्याकाळचं वारं असं की माझे दात वाजायला लागलेले. लिंबाखाली गाय एका जागी उभी राहीना. मी ओढतेय, ती मला ओढतेय, आणि हा बाबा गन उघड्यावर धरून शांतपणे उभा.

मला एकदम विरजण आठवलं. थंडीच्या दिवसांत दूध कोमट करून विरजण लावायचं आणि भांडं उघड्यावर ठेवून द्यायचं, असं कोण करतं? सकाळी दूध तसंच्या तसं.

मी विचारलं, "ओ, हे बी आता गार होत न्हाई का?"

तो खाली बघायला लागला. "होतंय की अक्का. गोठवतानाच निम्मं मरतंय. अंड्याचा बलक घालतेत, ग्लिसरीन घालतेत, तवा कुटं निम्मं वाचतंय. बर्फाचे काटे होऊन त्याची कातडी फाटती म्हनून पटकन कोमट करायचं. अन् एकदा कोमट झालं की पुन्ना गार लागलं न्हाई पायजे. जे वाचलंय ते बी जायलंय मग."

"मग आजवर कामून सांगितला न्हाईत?"

"तुमच्यात दारात करू देत न्हाईत. हितं लिंबाखाली लोटा घेऊन बसावं तर वाटंवर बायका येत-जात असत्यात. लाजच वाटती अक्का मला बी."

मला असा राग आला म्हणून सांगू! मी गाईला दोष देत होते, नशिबाला देत होते. आणि गाय धडधाकट उभी होती. बिचारं बीच ओट्यापासून लिंबापर्यंतच्या वाटेत आमच्या अब्रूपायी गारठून मरत होतं. मी म्हणाले, "ही कांडी फेका. दुसरी काढा. गाय दारात घेऊन चालले मी."

सासूबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या. "दारात? अगं लोकं काय म्हनतील?"

"आत्याबाई, लोकं काय म्हनतील ते म्हनू द्या. गाय गेली तर लोकं आनून देनार हायेत का?"

इतकं मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या आत गेल्या. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. पण त्या गोधडी घेऊन बाहेर आल्या, तिची दोन टोकं दोन्ही हातांत ताणून धरली आणि गल्लीच्या बाजूनं आडोसा करून उभ्या राहिल्या. मान पार भिंतीकडे वळवलेली. दर क्षणाला विचारत होत्या, "झालं का? अगं झालं का?" डॉक्टरनं गोठ्याच्या दारातच लोटा ठेवला, कांडी कोमट केली, गन सदऱ्याच्या आत छातीशी धरली आणि दोन पावलांत काम उरकलं. हात धुताना त्याचे कान लाल झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "च्या घेऊन जावा आता," आणि गोधडीची घडी घालत आत गेल्या.

तीन आठवडे गेले. गाय हंबरली नाही. मी कुणाला काही बोलले नाही, बोललं की बिघडतं असं उगीच वाटत होतं. भासरे मात्र म्हणत होते, नुसतं न उलटण्यावर काय भरवसा, आधी तपासू द्या. हळ्ळीखेडच्या माणसाचे फोन चालूच होते.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर तपासायला आला. गाय दारातच उभी केली; कुणी लिंबाचं नाव काढलं नाही. भासरे खाटेवर, सासूबाई ओट्यावर, मी दाराआड. त्यानं खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, हात आत घातला आणि नजर कुठंतरी वर लावून चाचपत राहिला. त्याच्या तोंडावरचं काही कळेना.

"हाय अक्का," तो म्हणाला. "चांगली गाभन हाय."

छातीवरचा दगड कुणीतरी उचलला असं झालं.

भासऱ्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. सुनांपुढे असला शब्द तोंडातून न काढणारे ते, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "न्हाई, न्हाई, इकायची न्हाई. गाभन हाय आमची गाय." फोन ठेवला आणि चहा टाकायला सांगितला.

मी चहाचं आधण ठेवलं आणि चुलीपुढं बसून पोटभर रडले. अप्पांची गाय घरातच राहिली होती.