वॉटफर्डच्या काकांनी निवडलेली रायफल

माझ्या वॉटफर्डच्या घरमालकांइतका सावकाश खरेदी करणारा माणूस साऱ्या इंग्लंडात दुसरा झाला नसेल. नागपूरहून वर्क व्हिसावर नवा नवा आलो, तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली. म्हणजे मी ती पाहिल्याबरोबर हो म्हटलं. त्यांनी मला पसंत करायला मात्र महिना घेतला. त्या महिन्यात वरचेवर जेवायला बोलावून, मी जिना उतरताना किती आवाज करतो, नळ नीट बंद करतो की नाही, हे सगळं त्यांनी पाहून घेतलं. शेवटी त्यांच्या बायकोच वैतागून म्हणाल्या, "अहो, भाडेकरू ठेवायचाय, जावई नाही करायचाय." तेव्हा कुठे किल्ली हातात पडली. त्या दिवसापासून ते माझे काका झाले आणि त्या काकू.

काका मूळचे पुण्याचे, पण वॉटफर्डच्याच एका शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. गादी घ्यायची ठरली तेव्हा ते घरून स्वतःची उशी आणि चादर घेऊन दुकानात गेले आणि दुपारभर एका गादीवर झोपून राहिले. दुकानातल्या पोरीने शेवटी त्यांच्या पायाजवळचा दिवा बंद केला. किटली घेण्याआधी त्यांनी शेजारपाजारच्या किटल्या मागून आणून पाणी उकळून पाहिलं होतं. आणि इतकं करून आणलेल्या वस्तूची जास्तीत जास्त स्तुती म्हणजे "चालण्यासारखी आहे." काकू सांगायच्या, "मला बघायला हा माणूस इतक्या वेळा आला, की आईने पोहे करणंच सोडलं. नुसता चहा द्यायची." यावर काका गंभीरपणे म्हणायचे, "घाई केली असती तर हिनेच नंतर बोल लावला असता."

मी लग्न करून ईलिंगला राहायला गेलो तरी महिन्या-दोन महिन्यांनी वॉटफर्डची चक्कर व्हायची. मग एका उन्हाळ्यात काकूंच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तोवर आजार सगळीकडे पसरला होता. काका नेहमीसारखे प्रश्न काढून हॉस्पिटलात गेले. कुठलं औषध, त्याच्याऐवजी कुठलं, थांबलं तर काय, दुसरीकडे गेलं तर काय. तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आता निवडण्यासारखं काही उरलेलं नाही. जन्मभर पर्याय तोलत आलेला हा माणूस गाडीत माझ्या शेजारी बसून नुसता सीटबेल्टचा पट्टा हातात धरून होता. लावायचं सुचत नव्हतं. मीच तो लावला. पानगळ सुरू व्हायच्या आत काकू गेल्या.

त्या हिवाळ्यात काकांच्या घरात जाणं मला जड व्हायचं. हीटिंग बंद, खुंटीवर काकूंचा कोट तसाच, आणि काका ओट्याशी उभ्याउभ्या टोस्ट खात असलेले. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी केंब्रिजला संशोधन करते. ती रोज फोन करायची, पण दोघांचं बोलणं हवामानापुढे सरकत नसे. बापलेकींमधलं सगळं बोलणं आजवर काकूंमार्फतच होत आलेलं होतं.

आणि मग वसंतात एकदा काकांनी मला फोन करून विचारलं, "तुला रायफलींमधलं काही कळतं का रे?"

झालं होतं असं, की गावाबाहेर शेतांपलीकडे एक नेमबाजीचा क्लब आहे, तिथल्या ओपन डेला ते फिरत फिरत गेले होते. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती. आता जमिनीवर पालथं पडून नेम धरायला गुडघे तयार नव्हते. पण तिथे टेबलाशी बसून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, संथपणे कागदावरच्या वर्तुळांवर नेम धरणारी मंडळी होती. बेंचरेस्ट म्हणतात त्याला. स्पर्धा असली तर असते, नसली तर नसते. क्लबच्या सेक्रेटरी, जोन नावाच्या सत्तरीच्या बाई, त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि बाजूला झाल्या. काका मला म्हणाले, "तिथे कोणी सांत्वन करत नाही. फार बरं वाटलं."

क्लबच्या रायफली नवशिक्यांच्या हाताखालून गेलेल्या, ढिल्या झालेल्या. काकांना स्वतःची हवी होती, आणि ती परवडणारी हवी होती, कारण निवृत्त मास्तराने ऑलिंपिकवाल्यांसारखी रायफल घेणं त्यांना हास्यास्पद वाटे. मग सुरू झालं. घरात मासिकांचे ढीग लागले. मी गेलो की काका मला लाटणं हातात देऊन समजावत. गोळी भरायचा दांडा प्रत्येक वेळी हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा, म्हणजे बोल्ट ॲक्शन. ती का चांगली, तर हलणारे भाग कमी, आणि माणसाला दोन गोळ्यांमध्ये विचार करायला वेळ मिळतो. नळी जाड हवी, म्हणजे तापून हलत नाही. चाप असा हवा, की सुटेपर्यंत कळू नये आणि सुटल्यावर शंका राहू नये. "आणि यातली गंमत ऐक," ते म्हणाले, "एकाच कारखान्यातल्या दोन नळ्यांना एकच गोळी आवडेल असं नाही. प्रत्येकीला कुठली मानवते ते वापरूनच कळतं." आपल्यापेक्षा चोखंदळ कोणीतरी भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. बंदुकीच्या दुकानात ते इतके जायला लागले, की दुकानदाराने त्यांच्यासाठी कोपऱ्यात स्टूल ठेवलं. नव्या चकचकीत रायफली खांद्याला लावून झाल्यावर त्यांचं मन बसलं ते एका वापरलेल्या, पूर्व युरोपात बनलेल्या रायफलीवर. लाकडी दस्त्यावर लांब ओरखडा होता, म्हणून किंमत उतरली होती. मी म्हटलं, "मग आता घ्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

या देशात रायफल घरी ठेवायची तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. पोलीस घर बघून जातात, जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, विचारतात, आणि हा माणूस भरवशाचा आहे असं सांगणारे दोन ओळखीचे लागतात. त्यातला एक मी व्हावं अशी काकांची इच्छा. त्यांनी मला विचारायच्या आधीच केतकीचा फोन आला.

"दादा, बाबा तुला विचारणार आहे. तू नाही म्हण."

"का गं? काकांचा हात स्थिर आहे, डोकं शाबूत आहे."

"तू त्याचा घर बघितला ना? आईचा कोट अजून तिथेच आहे. He lives there alone, with that coat. आणि आता तिथे रायफल?" मग म्हणाली, "मला भीती वाटतो, दादा."

इंग्लंडात वाढलेल्या केतकीच्या मराठीला आम्ही एरवी हसत असू. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

रविवारी मी वॉटफर्डला गेलो. काकांनी बेडरूममधल्या भिंतीवर, रायफल ठेवायचं पोलादी कपाट जिथे ठोकायचं तिथे पेन्सिलीने चौकट आखून ठेवली होती. ती दाखवून ते खाली आले आणि चहा ठेवायला लागले. मी म्हटलं, "काका, पोलीस मला विचारतील. त्याआधी मलाच तुम्हाला विचारायचंय." आणि विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतो का. सरळ, त्याच शब्दांत, जे केतकीच्या तोंडून निघाले नव्हते.

काका चिडले नाहीत. गॅस बारीक करून ते खुर्चीवर बसले.

"विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "केतकी विचारत नाही. नुसती फोनवर माझा आवाज ऐकत बसते." मग म्हणाले, "ख्रिसमसनंतर काही दिवस होते. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. आणि विचार तिथेच थांबायचे असंही नाही."

"आणि आता?"

"आता शनिवार असतो. क्लबात जातो."

"आणि बाकीचे दिवस?"

मागे चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला. मी म्हटलं, की पोलिसांनी विचारलं तर मला हे सांगावं लागेल. काका म्हणाले, "सांगच. खोटं बोलून मिळालेली रायफल मला नको." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "खरं म्हणजे ती या घरात नकोच."

त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात झटपट निर्णय असावा, आणि तो घेताना ते एकदम म्हातारे दिसले. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्यांना जीपीकडे घेऊन गेलो. आत ते एकटेच गेले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात पुढच्या भेटीची चिठ्ठी होती. "बाई ऐकून घेते," एवढंच म्हणाले. केतकीला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

रायफलीचा प्रश्न जोनबाईंनी सोडवला. क्लबला नवी रायफल घ्यायचीच होती, क्लबकडे परवाना होता, कुलूपबंद शस्त्रखोली होती. "तुम्ही निवडली आहे ना, मग आम्ही तीच घेतो," त्या काकांना म्हणाल्या. "इथे बाकी सगळ्यांना निवडायचा कंटाळा येतो." काकांनी यावर विचार करायला मे महिना घालवला. जूनमध्ये ती ओरखडेवाली रायफल क्लबात आली, आणि पहिल्याच दिवशी तिच्या गोळ्या कागदभर विखुरल्या. मी धसकलो. काका खूश. पुढे पानगळीपर्यंत ते तिला वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या खाऊ घालून पाहत होते, आणि जी सगळ्यात स्वस्त, ती तिला मानवली. काका म्हणाले, "चालण्यासारखी आहे."

केतकी शनिवारी केंब्रिजहून यायला लागली. तिने रायफलीला कधी हात लावला नाही. मागे बसून ती दुर्बिणीतून कागद बघायची आणि सांगायची, "डावा बाजू, थोडी खाली." काका मान न वळवता म्हणायचे, "डावी बाजू, थोडं खाली," आणि दांडा मागे ओढायचे. दुपारभर त्यांच्यात इतकंच बोलणं. पण ती दर शनिवारी यायची.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत काकांच्या छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला, आणि आठवडाभर हॉस्पिटलात राहून ते गेले. पण मला आठवते ती त्याच्या आदल्या दिवसाची दुपार. मी पलंगाशी होतो, केतकी मोटरवेवर अडकली होती, बाहेर पाऊस होता. मी म्हटलं, "निघालीय, येईलच." ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून काका म्हणाले, "तिला म्हणावं सावकाश चालव. मी आहे." ती आली तेव्हा ते खरंच जागे होते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसलो. दार अर्धवट उघडं होतं. शब्द कळत नव्हते, नुसते आवाज येत होते, एक तिचा, एक त्यांचा, दमलेला. मध्येच ती हसली. नर्स चहा घेऊन आली आणि आत जाऊ का म्हणून खुणेने विचारू लागली. मी मान हलवून तिला थांबवलं. आत दोघं बराच वेळ बोलत होते.