शाखेचा अभिप्राय

फणसवाडीत राहणाऱ्या इरावती पाटणकर गेली अकरा वर्षं बँकेच्या करी रोडच्या शाखेत अधिकारी होत्या. खातेदारांची तोंडं त्यांना पाठ होती. त्यामुळे आकांक्षा टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी पासबुक न बघताच विचारलं, "काय गं, बाबा बरे आहेत ना?"

तिचं खातं त्यांनीच उघडलेलं. तेव्हा पोर सहावीत होती आणि सहीच्या जागी तिने फुलपाखरू काढलं होतं.

"मॅडम, पैसे निघत नाहीयेत."

दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलेलं होतं. आकांक्षा परदेशातल्या, लेगॉसच्या एका कंपनीच्या मोबाइल गेमसाठी टॅबवर चित्रं काढायची. तिथल्या बँकांतून डॉलर बाहेर पाठवायचे म्हणजे महिनोन् महिने खोळंबा, म्हणून कंपनी क्रिप्टोत मोबदला द्यायची. आकांक्षा ते आभासी चलन ॲपवर विकायची आणि घेणारा अनोळखी माणूस तिच्या खात्यात रुपये भरायचा. अशाच एकाने भरलेले पैसे फसवणुकीतले निघाले.

"तुला कळलं नाही?"

"कसं कळणार? मला नुसतं नाव दिसतं."

इरावतीबाईंना ते पटलं. त्यांनी तिला कागद जुळवून दिले, पत्राचा मसुदा करून दिला. दोन महिन्यांनी पोलिसांनी कळवलं, मुलीवर संशय नाही, खातं मोकळं करा. आकांक्षा पेढे घेऊन आली.

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाने या खात्याबद्दल शाखेचा अभिप्राय मागवला. 'व्यवहारांचं स्वरूप' या रकान्याशी इरावतीबाई थांबल्या.

"मॅडम, 'चित्रकामाचं उत्पन्न' एवढंच लिहा," शेजारच्या टेबलावरचा अभय हळूच म्हणाला. "क्रिप्टो शब्द नको."

"लपवायचं कशाला? तिने कर भरलाय."

त्यांनी पानभर लिहिलं. मुलगी कष्टाळू आहे, घर तिच्यावर चालतं, मोबदला क्रिप्टोत येतो, सगळं सगळं.

नवव्या दिवशी उत्तर आलं, खातं बंद करावं.

इरावतीबाईंनी मुख्य कार्यालयात हर्षवर्धनला फोन लावला. तो एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला.

"हर्ष, कायद्याने बंदी आहे का?"

"नाही, मॅडम."

"मग?"

"परवानगी आहे असंही कुणी छातीठोक सांगत नाही. उद्या काही निघालं तर सही माझी असेल. एका खात्यासाठी कोण गळा अडकवून घेईल? तुम्ही तो शब्द लिहिला नसतात तर मी बघितलंही नसतं."

पुढच्या दोन बँकांनी आधीचं खातं का बंद होतंय ते विचारलं आणि अर्ज ठेवून घेतला. तिसरीने तेवढंही केलं नाही. लेगॉसवाल्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसरा चित्रकार घेतला.

एके दिवशी तिचे वडील गुणाजी शाखेत आले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं वॉचमनकी केली होती. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, माझ्या चेडवान चोरी केल्यान काय? पोलीस नाय म्हणतत, मग बँक कित्याक घाबरता?"

इरावतीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुख्य कार्यालयाला पुन्हा लिहिते, एवढंच म्हणाल्या.

खातं बंद करण्याच्या अर्जावर सही करायला आकांक्षा आली, तेव्हा मात्र त्यांनी सांगून टाकलं. "अभिप्रायात क्रिप्टोचं मीच लिहिलं होतं गं. मला वाटलं, खरं सांगितलं की सुटशील."

आकांक्षाने अर्ज त्यांच्याकडे सरकवला. "मीसुद्धा पोलिसांना खरंच सांगितलं होतं, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच इरावतीबाईंना सोसेना.

निवृत्तीच्या आधी त्यांनी मुख्य कार्यालयाला आणखी तीन पत्रं लिहिली. पोच आली, उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नाची खरेदी करताना दादरच्या दुकानात गादीपलीकडे आकांक्षा दिसली. ती साड्या उलगडून दाखवत होती. पगार रोख मिळतो, म्हणाली.

"चित्रं?"

"टॅब विकला, मॅडम," ती म्हणाली आणि पुढची साडी उलगडली. "काठ मोठा हवाय की बारीक?"