त्या ओढ्यात मासे नाहीत

बाबा गेल्यावर आई पुण्याहून माझ्याकडे राहायला आली, ते साल २०१४. जॉन्सनव्हिलमधल्या माझ्या घरामागे, कुंपणाच्या खालच्या उतारावर, एक ओढा होता. इतका अरुंद की आईसुद्धा साडी जरा वर धरून सहज ओलांडायची. मी वेलिंग्टनमध्ये एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. सकाळी ट्रेन धरली की परत यायला संध्याकाळ. दिवसभर ती एकटी. सुरुवातीला ती नुसती खिडकीशी बसून राहायची. मग एका संध्याकाळी मी बूट काढतेय तोच म्हणाली, "अगं, आपल्या ओढ्यात कुणीतरी राहतं."

मला हात धरून खाली नेलं. काठाच्या मुळांखाली एक छोटासा डोह होता, वर नेच्यांची सावली. आईनं चिमटीतला मुंगळा पाण्यावर सोडला. मुळांच्या अंधारातून वीतभर लांबीचा एक तपकिरी मासा वर आला, मुंगळा घेतला आणि तिथेच थांबला. अंगावर एकही खवला नाही आणि कुशीवर सोन्याच्या बारीक उभ्या रेघा.

मी फोनवर चित्रं शोधून काढली. बँडेड कोकोपू. इथलाच, या मातीतला मासा. "कोकोपू," आईनं दोनदा म्हणून पाहिलं. "बारशाला शोभेल असं आहे." जन्मात मासा ताटात न घेतलेली ही बाई. दुसऱ्या दिवसापासून बादली पालथी घालून डोहाशी बसायला लागली. जेवायला लागली, बोलायला लागली. त्या माशाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मी ऑफिसात कुणाला सांगू शकत नव्हते.

आमच्या वरच्या अंगाला एक गृहस्थ राहायचे. एकटे, साठीचे, बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून फिरणारे. आई त्यांना 'वरचा' म्हणायची. त्यांच्या झाडाची लिंबं ते पिशवी भरून आणून देत, आई त्याचं लोणचं घालून बरणी परत पाठवी. भेटले की आईला इथल्या पद्धतीचा नमस्कार घालत, "किया ओरा, मम." कुठल्याही गोष्टीला त्यांचं उत्तर एकच, "स्वीट ॲज," म्हणजे सगळं झकास. आम्हाला ते आवडायचे. हे मुद्दाम सांगते, कारण परक्यावरचा राग लवकर विझतो.

त्यांनी घर विकायला काढायचं ठरवलं आणि आधी नवा ड्राइव्हवे केला. वरून खडे दिसतात तसल्या काँक्रीटचा. ते ओतून झालं की जरा आळल्यावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं वरचा सिमेंटचा थर धुऊन काढतात, म्हणजे खडे उघडे पडतात. तो थर जातो कुठे, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. त्यांच्या फाटकाशी रस्त्याच्या कडेला जाळीचं गटार होतं आणि त्या गटाराचा पाइप आमच्या ओढ्यात उघडत होता.

तो शनिवार होता. आईनं खालून हाक मारली ती अशी की मी अनवाणी धावले. ओढा ताकासारखा पांढरा झाला होता. बोटाएवढे मासे कडेला गोळा होऊन तोंडं उघडत होते. कोकोपू उताणा तरंगत होता आणि त्याच्या कल्ल्यांवर राखाडी साय धरली होती. आईनं त्याला दोन्ही हातांत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मासा हातात घेतला, तो असा.

मी तशीच वर गेले. ते फवाऱ्याचा पाइप गुंडाळत होते.

"तुमचं सिमेंटचं पाणी ओढ्यात जातंय. मासे मेले."

"ते गटार आहे गं," ते हसून म्हणाले. "त्यात कुठले मासे? मी इतकी वर्षं राहतोय, मला एक दिसला नाही."

मी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार केली. त्यांचा माणूस आला सोमवारी. पाऊस होऊन गेला होता, पाणी काचेसारखं स्वच्छ. वरचे शेजारी खिशात हात घालून बाजूला उभे.

"कोणते मासे होते?" त्यानं विचारलं.

"कोकोपू. आणि लहान... काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

मी बोट पुढे करून आकार दाखवला. मेलेले दाखवा म्हणाला, तर आईनं ते सगळे बागेत पुरलेले. उकरायला गेलो, तर मांजरांनी आधीच उकरून ओळखू येईल असं काही ठेवलं नव्हतं. तो बिचारा सभ्य होता. म्हणाला, पुराव्याशिवाय मी काही करू शकत नाही. निघताना शेजाऱ्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "नो हार्ड फीलिंग्ज."

ते थोपटणं मी विसरले नाही. 'काहीतरी' हा माझाच शब्द रोज ट्रेनमध्ये कानात वाजायचा. मी ठरवलं, या माणसाला त्याच्याच तोंडानं मासे मोजायला लावायचे.

मग मी शिकले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, कामावरून आले की पांढऱ्या तळाची बशी आणि पातळ जाळी घेऊन ओढ्यात उतरायचे. पाइप उघडतो त्याच्या वरच्या अंगाला ओढा जिवंत होता. तिथे 'काहीतरी' सापडलं. गालावर तिरप्या तपकिरी रेघा म्हणजे रेडफिन बुली. परांवर लाल रंग चढलेला असेल तर नर. गालावर रेघा नसतील तर तो साधा बुली. बुली म्हणजे काय, आईनं विचारलं. दांडगट, दुबळ्यांना छळणारा, मी म्हटलं. आईनं बशीतल्या अंगठ्याएवढ्या माशाकडे पाहिलं. "हा? छट्. खरा तर वर राहतो."

संबंधित खात्याला फोन करून विचारलं. दोन-चार मासे घरी ठेवायला हरकत नाही, पण विकायचे नाहीत आणि दुसऱ्या ओढ्यात सोडायचे नाहीत. गॅरेजात जुनी काचेची टाकी मांडली. दुकानातल्या रंगीत माशांना लागतं तसं कोमट पाणी यांना चालत नाही. यांना थंड, वाहतं, सावलीतलं हवं. गरमीच्या दिवसांत आई बाटलीत बर्फ गोठवून टाकीत सोडायची. कोकोपूची पिल्लं ओल्या काचेवरून पोटावर सरकत वर चढतात, म्हणून झाकणावर तिनं वरवंटा ठेवला. बागेतली गांडुळं तीच कापायची. "देव मला काय म्हणेल," असं म्हणत कापायची, पण बारीक कापायची.

शेजारी अधूनमधून कुंपणावरून विचारत, "काय, सापडले का मासे?" मी हसायचे. माझ्या त्या हसण्याची आईला भीती वाटायला लागली होती.

उन्हाळा संपता संपता त्यांनीच सांगितलं, येत्या गुरुवारी मागच्या अंगणाचं काँक्रीट आहे, ट्रक येईल, गाडी जरा बाजूला लाव. मी घरात येऊन अक्षरशः टाळ्या वाजवल्या. गुरुवारी रजा टाकली. पाणी आम्ल आहे की क्षारयुक्त ते तपासायच्या पट्ट्या आणल्या. आईनं माझी सगळी तयारी पाहिली आणि म्हणाली, "त्याला आधी सांग."

"कशाला? करू दे ना. रंगेहाथ पकडते."

"सूड घ्यायचा तर सांगून घे. आणि पाइपच्या खाली पुन्हा मासे आलेत, त्यांना आधी वर काढ. त्यांना साक्षीला मारायचं नाही."

मी चिडले, पण गेले. बुधवारी त्यांच्या दारात उभी राहून स्पष्ट सांगितलं, की उद्याचं पाणी गटारात गेलं तर मी कौन्सिलला बोलावणार. पाणी अडवून गवतावर सोडा, मी मदत करते.

ते दाराला टेकून हसले. "बोलाव ना. त्या ओढ्यात मासे नाहीत. स्वीट ॲज."

बरं वाटलं मला. ते 'बरं' म्हणाले असते तर माझी किती निराशा झाली असती!

त्या संध्याकाळी आम्ही दोघी पाइपच्या खालच्या डोहांतून मिळतील तेवढे मासे बादल्यांत भरून गॅरेजात घेऊन गेलो. गुरुवारी काँक्रीट ओतलं गेलं. दुपारी त्यांनी फवाऱ्याचा पाइप सुरू केला. गटाराच्या जाळीवरून पांढरं पाणी आत जाताना मी त्याचा व्हिडिओ घेतला आणि फोन लावला. या वेळी एक बाई आली, आणि लगेच आली. मी तिच्यासमोर पट्टी ओढ्यात बुडवली, ती सिमेंटच्या क्षारानं गर्द जांभळी झाली. तिनं वर जाऊन त्यांना पाइप बंद करायला लावला.

"अगं, पण ते आळतंय! अर्धं राहिलंय!" ते ओरडले. "आणि इथे मासे नाहीतच!"

"या ना," मी म्हटलं. "गॅरेजात या."

दोघे आले. मी दिवा लावला आणि एकेक दाखवत गेले. हा रेडफिन, नर. या दोन माद्या, गालावरच्या रेघा बघा. हे साधे बुली. हे कोकोपू, लहान आहेत अजून. "काल संध्याकाळी हे सगळे तुमच्या गटाराच्या पाइपखाली राहत होते," मी त्यांना म्हटलं. "मोजा."

त्या बाईनं वाकून मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचेही ओठ हलताना मला दिसले.

दंड झाला, तो त्यांनी भरला. पण माझा खरा आनंद वेगळाच होता. पाइप बंद होऊन काँक्रीट आळलं ते कायमचं. अर्ध्या अंगणात सुंदर खडे, अर्धं राखाडी आणि ओबडधोबड. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते अख्खं दिसायचं. कितीतरी आठवडे मी सकाळचा चहा तिथे उभं राहून घेतला. शेवटी त्यांनी ते फोडायला माणसं लावली. दिवसभर यंत्राची धडधड चालली होती. आईनं खुर्ची उन्हात नेऊन ठेवली आणि सनई ऐकावी तशी मान डोलवत बसली.

पाणी निवळल्यावर, पट्टी पुन्हा हिरवी यायला लागल्यावर, आम्ही मासे जिथून काढले तिथेच सोडले. बुली लगेच दगडांखाली गेले. एक कोकोपू थोडा वेळ आईच्या पावलाशी थांबला. त्या पहिल्या डोहात मात्र मुळांखालून वर येणारं पुढची दोन वर्षं कुणी नव्हतं. ते अंगण फुटताना ऐकूनही माझं त्याबाबतीत समाधान झालं नाही, अजून झालेलं नाही.

शेजारी घर विकून गेले तेव्हा आई पुण्याला परतली होती. फोनवर मी तिला बातमी सांगितली.

"गेला का? बरं झालं. कुठे गेला?"

"माहीत नाही गं."

"मग शोध," आई म्हणाली. "आणि तिथे जवळपास ओढा आहे का, ते बघ."