आम्ही मधल्याच बेटावर उतरलो

ग्रीसच्या बेटांमध्ये शिडाच्या बोटीने फिरायचं, हे माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने ठरवलं. आम्ही हो म्हणालो, कारण त्याला नाही म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. मंदीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा त्यानेच त्याला आपल्या कंपनीत घेतलं होतं. हे उपकार त्याने कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवायची गरजच नव्हती, माझा नवरा त्याच्यासमोर बसायचाच तसा.

मैत्रीण माझी. आम्ही दोघी खडकीच्या क्वार्टर्समध्ये शेजारी वाढलो, दोघींचे वडील दारूगोळा फॅक्टरीत. स्टेशनवर रोज छेड काढणाऱ्या एका मुलाच्या सायकलची हवा सोडून, चावी नाल्यात फेकून, त्याच्याकडे बघत उभी राहणारी मुलगी ती. मी मागे घाबरून उभी. पुढे तिने हुशार मुलाशी लग्न केलं, त्याची कंपनी हिंजवडीत वाढली, अमेरिकन कंपनीने ती घेतली तरी प्रमुख तोच राहिला, आणि हाताशी वेळ आल्यावर तो खडकवासल्याला रविवारी शिडाची बोट चालवायला शिकला. मग युरोपात जाऊन त्याने परवाना काढला. धरणाच्या पाण्यावर शिकलेला माणूस आम्हाला समुद्रावर नेणार होता. तसं मी बोलूनही दाखवलं. तो हसला नाही.

बोटीवर चढल्या चढल्या त्याने आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. कोणी कुठे उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही, टाकीतलं गोडं पाणी कसं वापरायचं. मी भांडी विसळत होते तर मागून येऊन त्याने नळ बंद केला. मी म्हटलं, "एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातून आलोय आम्ही. आम्हाला नका शिकवू." आमच्यातलं अहो-जाहो इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं, ते बरंच होतं. माझ्या नवऱ्याने खाली मान घालून उरलेली भांडी पुसली.

नांगराचं काम मैत्रिणीकडे होतं. संध्याकाळी बंदरात शिरताना ती बोटीच्या पुढच्या टोकाला बसायची, तो मागे सुकाणूवर. नांगर हाताने पुढे ढकलून, तो सांगेल तेव्हा बटण दाबून साखळी सोडायची. मध्ये सगळी बोट आणि इंजिनाचा आवाज, तिला ऐकू यायचं नाही. एका बंदरात साखळी उशिरा सुटली, वाऱ्याने बोट आडवी झाली आणि शेजारच्या बोटीला घासली. धक्क्यावर हॉटेलांची टेबलं मांडलेली, माणसं जेवत होती. त्या सगळ्यांसमोर तो ओरडला, "अक्कल गहाण टाकून आलीस का?" मराठी कोणाला कळत नव्हती, पण माणसांनी काटे-चमचे खाली ठेवले. शेजारच्या बोटीवरची एक म्हातारी उठली, तिने आमचा दोर घेऊन बांधून दिला, आणि जाताना मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

रात्रीच्या जेवणाला तो अगदी खुशीत होता. त्याने सगळ्यांसाठी मासे मागवले, तिच्या ताटात काटे काढून वाढले. ती हसली.

पुढच्या सकाळी वारा वाढला. त्या भागात उन्हाळ्यात उत्तरेकडून असा वारा सुटतो, आणि एकदा सुटला की मुक्काम करतो. बंदरातल्या माणसाने त्याला हाताने खूण करून सांगितलं, आज नको. एकही बोट हलली नव्हती. माझा नवरा पुटपुटला की, एक दिवस थांबलं तरी चालेल. त्यावर तो म्हणाला की, भिणाऱ्यांनी समुद्रावर यायचं नसतं. आणि आम्ही निघालो.

बेटाचा आडोसा संपला तशी बोट एका कुशीवर कलली. मी केबिनच्या दाराला धरून ओकत होते. त्याला शीड लहान करायचं होतं. शिडाचा दोर एका लोखंडी फिरकीभोवती गुंडाळलेला असतो, तो मैत्रीण हळूहळू सोडत होती. तेवढ्यात वाऱ्याचा एक जबर झोत आला आणि दोराने तिचा उजवा हात ओढून फिरकीवर आवळला. ती ओरडली नाही. फक्त दुसऱ्या हाताने तो हात पोटाशी धरून खाली बसली. तो सुकाणूवरून म्हणाला, "हातमोजे घाल म्हणून सांगितलं होतं मी."

मी म्हटलं, "बोट वळवा."

"या बोटीवर निर्णय मी घेतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दोर आवरत होता.

पुढच्या बेटावर पोचल्यावर मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. दोन बोटं मोडली होती. कसं झालं विचारल्यावर मैत्रीण म्हणाली, घसरून पडले. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी गप्प राहिले. बाहेर कडक ऊन होतं, आम्ही भिंतीच्या सावलीत उभ्या राहिलो. मी तिला सांगितलं की दुपारी अथेन्सची फेरीबोट आहे, आपण दोघी जाऊ, पुरुष येतील नाहीतर राहतील.

ती म्हणाली, "तू पहिल्या दिवसापासून याचीच वाट बघत होतीस."

"कशाची?"

"माझा नवरा वाईट ठरायची. तो वाईट ठरला की तुला तुझा बरा वाटतो."

चिडून नाही, थंडपणे म्हणाली. मी तिला एवढंच म्हटलं की, तू त्या बोटीवर परत गेलीस तर मी येणार नाही. ती म्हणाली, नको येऊस. आणि बँडेजातला हात छातीशी धरून धक्क्याकडे चालू लागली.

मी सामान काढलं. माझा नवरा आला माझ्याबरोबर, पण फेरीच्या डेकवर बसल्यावर म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय? सोमवारी मला त्याच्यासमोर बसायचंय." अथेन्सपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. विमानातही फक्त कामापुरतं.

सोमवारी काही झालं नाही. त्याने विषयच काढला नाही, आणि वर्षअखेरीला माझ्या नवऱ्याला बढती दिली. ती बढती मला शिवीसारखी लागली. नवऱ्याने पेढे आणले, मी खाल्ले नाहीत. दिवाळीला त्यांच्याकडून मिठाई आली, तिच्यावर फक्त माझ्या नवऱ्याचं नाव. मैत्रिणीचा फोन येणं बंद झालं. त्या सहलीचे फोटो मात्र सगळ्यांना पाठवले गेले. निळं पाणी, पांढरी घरं, आणि आम्ही उतरल्यानंतरच्या सगळ्यांत तिचा उजवा हात ओढणीखाली.

थंडीत एकदा ती मंडईत समोर आली. पावट्याच्या शेंगा निवडत होती, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं ताठ उभी, मिटत नव्हती. टाळणं शक्य नव्हतं. मी विचारलं, "हात कसा आहे?"

"आखडतो." शेंगा पिशवीत टाकत ती म्हणाली, "तू उतरलीस त्यानंतर चार बंदरं मी एका हाताने नांगर टाकला. थांबली असतीस तर मदत झाली असती."

मी चल म्हटलं होतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तिला ते माहीत होतं. मी नुसतंच म्हटलं, पिशवी जड आहे, गाडीपर्यंत धरते.

"असू दे," ती म्हणाली. "यंदा क्रोएशियाला चाललोय आम्ही. त्याने मोठी बोट बघितली आहे."

पिशवी कोपरात अडकवून ती गेली. मी तिथेच उभी राहून पावट्याचा भाव विचारला. घ्यायचे नव्हते, पण पाय हलेपर्यंत काहीतरी बोलायला हवं होतं.