धुरंधर आणि पांढऱ्या चादरी

मालवाहू पिकअपची डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकला सगळी गल्ली ‘धुरंधर’ म्हणायची. त्याला तो मान वाटायचा. लोकांच्या डोक्यात मात्र धूर होता. सायलेन्सरमधून काळाकुट्ट लोट निघाला की गड्याची छाती फुगायची. इंजिन खोकत असलं तरी म्हणायचा, “ताकद आहे, ताकद!”

गॅरेजच्या भिंतीला भिंत लागून बायकोची लॉन्ड्री. हॉटेलांच्या ओल्या चादरींचं ओझं वाहायला तिने नवी दणकट पिकअप घेतली. पण गाडी फिरायची गावातल्या गावात. धुराच्या नळीतली काजळी अडवणारी जाळी तुंबली, डॅशबोर्डवर दिवा पेटला आणि गाडी चढावर रडायला लागली.

“शोरूमवाला म्हणतो, हायवेवर लांब पळवा. नळी तापली की काजळी आतच जळते,” बायको म्हणाली.

“त्याला काय कळतंय? इंजिनाच्या नाकात बोळा कोंबलाय नुसता. काढून टाकतो.”

“हात लावायचा नाही हं!”

ती इस्त्रीत गुंतली आणि याने जाळी उपटून सरळ पाइप ठोकला. इंजिनाच्या कंप्युटरला थापा मारून डिझेलही वाढवून ठेवलं. मग ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन खरंच गरजलं. फक्त पाइपचं तोंड मागच्या अंगणाकडे होतं आणि तिथे दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या.

धूर विरला तेव्हा बायको दारात उभी. तिने त्याच्या हातात साबण ठेवला.

“अगं, मशीन आहे ना?”

“मशीन खराब होईल. तुम्ही आधीच झालेले आहात.”

दिवस मावळेपर्यंत धुरंधर चादरी घासत बसला. गिऱ्हाइकं भिंतीवरून डोकावून “उस्ताद, ताकद लावा!” म्हणून जात. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन चादरी तर काही केल्या उजळेनात.

दुसऱ्या दिवशी त्याने गुमान जाळी परत बसवली, कंप्युटरलाही खरं काय ते सांगितलं. बायको स्टिअरिंगवर बसली. “चढा. हायवेला जायचंय.”

गाडी बरीच पळाल्यावर दिवा विझला.

“झालं. वळव आता,” तो म्हणाला.

तिने वळवली नाही. पुढे एका तळ्याकाठी थांबून दोघांनी चहा घेतला. कामाशिवाय दोघं शेवटची कधी कुठे गेली होती, ते त्याला आठवेना. बोलायला काही सुचेना, म्हणून त्याने इंजिनाचा विषय काढला. तिने दोन वाक्यं ऐकली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क घोरायला लागली.

तिची झोप मोडेल म्हणून तो हलला नाही. चहा हातातच गार झाला.