गूळवाल्याच्या पोरीचं ताट

मानोऱ्याच्या बाजारात माझ्या दुकानापुढे गुळाच्या भेल्या रचलेल्या असत आणि त्यांच्या आडोशाला माझी मुलगी ठेच्याशी भाकर खात बसलेली असे. गिऱ्हाइकं हसत. "अहो शेटजी, पोरीले गुळाचा खडा तरी देत जा. भेली काही झिजत नाही!" मी हसत नसे. घासाघीस मला आवडते, टोमणा आवडत नाही.

हा धंदा मी डोक्यावर भेली घेऊन, गावोगावचे बाजार पायी करून उभा केला. वडिलांनी मला दुकान दिलं नाही, भावकीनं उधारी दिली नाही. भावात मी कोणाला ऐकत नसे, त्यामुळे नातेवाइकांत माझं नाव 'कंजूष' पडलं होतं. त्या नावाचं मला कधी काही वाटलं नाही; पण मुलीच्या ताटाचा प्रश्न आला तेव्हा ते आडवं आलं.

जन्मली त्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिच्या जिभेला मध लावला, आणि ती ओकली. आईच्या दुधावर मात्र चांगली बाळसेदार झाली. उष्टावणाला गुळाची खीर दिली, पुन्हा ओकारी, अंगाला दरदरून घाम, मान टाकली. दुष्काळाच्या दिवसांत सरकारी सुकडी यायची, गोड पीठ. बाकीची पोरं वाटीवर तुटून पडत आणि ही तोंड फिरवी. दोन घास कोंबले की गळून जाई. आमच्याकडे कोणाला चक्कर आली की विचारत बसत नाहीत, साखरपाणी पाजतात. आम्हीही पाजत होतो. तेच तिला आणखी खाली नेत होतं, हे कोणाला ठाऊक?

पहिला संशय बायकोला आला. "गोडाचंच काहीतरी आहे," ती म्हणाली. मग आम्ही नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला बरेच दिवस ठेवून घेतलं आणि शेवटी सांगितलं, "फळांतलं आणि साखरेतलं गोड पचवायला शरीरात जे लागतं, ते हिच्यात जन्मापासून नाही. तुम्हा दोघांकडून आलंय. तुम्हाला त्रास नाही, पण तिच्यात दोन्ही बाजू एकत्र आल्या. औषध नाही. गोड बंद ठेवा, मुलगी ठणठणीत राहील."

"सणासुदीला थोडं?" मी विचारलं.

"नाही."

"साखर नको तर गूळ? घरचाच आहे."

"नाही."

"मध? केळं? अर्धं?"

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही काय धंदा करता हो?"

"गुळाचा."

"तरीच. इथे भाव होत नाही."

आयुष्यात तेवढी एकच दुकानदारीण मला भेटली जिच्यापुढे माझी घासाघीस चालली नाही. भाकरी, भात, दूध, दही, डाळ, अंडी, मटण, सगळं चालेल म्हणाल्या. आणि ग्लुकोजची पावडर जवळ ठेवा, चुकून गोड पोटात गेलंच तर तीच द्या आणि दवाखाना गाठा. ते गोड वेगळं, ते तिला पचतं.

घरात नीट बसलं सगळं. बाहेर कसं बसवायचं? आमच्याकडे पंगतीत आग्रह केला नाही तर यजमानाची नाचक्की, आणि घेतलं नाही तर यजमानाचा अपमान. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. मी आधी जाऊन अक्काला सगळं समजावलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की हा मला माल खपवतोय.

"साखरेनं कोणाचं पोट दुखते रे? लेकराच्या तोंडातही तागडी धरतो का तू?"

"अक्का, डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टरचं राहू दे. मले नको सांगू."

लग्नात बुंदी होती. मुलगी तिला हात लावणार नाही हे मला माहीत होतं. गोडाचा वाससुद्धा तिला नकोसा होई. तिनं वरण-भात घेतला. चिंचेचं आंबट वरण, वर मिरचीची फोडणी. भुकेली होती, भराभरा जेवली. थोड्या वेळानं माझ्या मांडीवर टेकली तेव्हा तिचा झगा घामानं ओला होता. मग ओकारी, मग डोळे वर.

"साखरपाणी आणा!" पंगतीतून ओरडा झाला. अक्का तांब्या घेऊन धावत आली आणि पोरीच्या तोंडाला लावू लागली. मी तो तांब्या तिच्या हातातून उडवला. भर मांडवात. पाणी व्याह्यांच्या धोतरावर गेलं.

"मी काय जहर देऊन राह्यली का तिले?"

"वरणात काय टाकलं?"

"जरासा गूळ टाकला. काय झालं? सवय नको लागाले?"

मी पिशवीतली ग्लुकोजची पावडर काढून पोरीच्या गालात चोळत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा, इकत आणलेली पावडर चालते, बहिणीची साखर चालत नाही." त्या माणसाला मी नंतर भेटलो, ते असो.

व्याह्यांनीच ओल्या धोतरानं जीप काढली. वाशीमला दवाखान्यात सलाईन लागलं, आणि संध्याकाळपर्यंत पोरगी भाकर मागू लागली.

यानंतर भावकीनं माझ्याकडून काय मागावं? माफी. बहिणीच्या हातचं पाणी सांडलं म्हणून. मी म्हटलं, मागतो, पण आधी तिनं चार लोकांत कबूल करावं की मी सांगूनही वरणात गूळ टाकला. अक्का म्हणाली, गूळ टाकलाच नाही. मांडवात सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ऐकलेलं कोणाला आठवेना. त्या गोष्टीवरून मी आजही तसूभर हललेलो नाही.

बायको म्हणाली, पोरीला कुठे न्यायचंच नाही. ते मला मान्य नव्हतं. माणसांत राहायचं तर पंगतीत बसता आलं पाहिजे. मग मी तिला माझं कसब शिकवलं. मी यजमान व्हायचो, ती पाहुणी.

"घ्या हो, एकच लाडू!"

"नको."

"असं नाही, हा रडका 'नको' झाला. हसून म्हण. आणि पाय हलवू नको, समोरच्याला कळते तू कच्ची आहेस. माल काय आहे ते आधी विचार, मोठ्यानं विचार. दुकानात लोक असले की दुकानदार खोटं बोलाले भितो."

पुढच्या साली मंगरूळपीरला चुलतभावाकडे बारसं होतं. वाढायला अक्काच. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मी तिच्याकडे. वरणाची बादली घेऊन ती मुलीपुढे आली. मी उठणार होतो. बायकोनं माझा हात दाबून धरला.

"आत्या," मुलगी हसत, खणखणीत म्हणाली, "याच्यात गूळ हाय का?"

सगळी पंगत थांबली. अक्काचा पळा बादलीतच राहिला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पंगतीकडे.

"हाय," ती म्हणाली.

"मग मले दही द्या. भाकर द्या."

अक्का आत गेली. दह्याचा वाडगा आणि भाकर घेऊन आली आणि तिथंच उकिडवी बसली. मुलीनं दह्याचा वास घेतला, बोटाच्या टोकानं चाखलं.

"अजून वाढू का माय?" अक्कानं विचारलं.

"वाढा," मुलगी म्हणाली आणि भाकर मोडायला लागली.